एक पातळ पदर

पौर्णिमेनंतर दुसऱ्या दिवशी
समुद्र सगळ्यात लांब जातो.
तेव्हाच खडकांच्या बुडाशी दिसतं ते,
जांभळं, कुरळं, बोटभर उंच,
भिजलेल्या कोंबड्याच्या तुऱ्यासारखं.
आमच्याकडे म्हणतात कॅरेगीन. म्हणजे छोटा खडक.
नाव खडकाचं, आणि अंगात
सगळी बुळबुळ.

तासभर मिळतो. गुडघाभर पाण्यात
वाकून हातानं खुडायचं, मूळ सोडून.
मूळ उपटलंत तर पुढच्या वर्षी काय न्याल,
आई म्हणायची,
आणि बघायची तुझ्याकडे, फेस्टी,
कारण उपटणारा तूच.

मग गवतावर जुनी चादर,
चार कोपऱ्यांना चार दगड.
ऊन पडलं की वाळतं, पाऊस आला की भिजतं
(इकडे दोन्ही दिवसातून चारदा)
आणि दर भिजण्यासरशी रंग सोडतं:
जांभळ्याचं गुलाबी, गुलाबीचं पिवळट,
शेवटी जुन्या पियानोच्या पट्टीचा रंग.
हातात घेतलं तर करकरीत, टोचरं.
आत एवढा ओलावा कोंडलाय
हे कुणाला खरं वाटणार नाही.

टपाल घेऊन आलेल्या कोलमननं सांगितलं:
क्लिफडनच्या गुरांच्या बाजारात
भर लिलावात तुझा आवाज गेला.
एका काळ्या कालवडीवर बोली चढत होती,
नऊशे साठ, नऊशे सत्तर, नऊशे
आणि पुढे नुसती हवा.
लोकांना वाटलं गंमत करतोयस.
गॉलवेच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं.
गाठ नाही म्हणाल्या, नुसता सोललाय,
चाळीस वर्षं ओरडून आतून सोललाय.
दोन महिने एक शब्द काढायचा नाही.

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू.
त्याच गळ्यानं तू आईचं खालचं शेत
सत्तावीस मिनिटांत विकलंस.
मी घड्याळ बघत कुंपणाशी उभी होते.
त्यानंतर अकरा वर्षं आपण बोललो नाही,
आता एकावर सक्तीच झाली.

रात्री मात्र अर्धी मूठ भिजत घातली.
का, ते विचारू नकोस. विचारता येणारही नाही तुला.

सकाळी दूध, लिंबाची साल, मंद आच.
वीस मिनिटं ढवळत राहायचं,
चमच्याची पाठ झाकली जाईपर्यंत.
मग मलमलीतून पिळायचं.
बोटांमधून ते असं निसटतं
की पकडतोय आपण की सोडतोय, समजत नाही.

आधीच सांगते, हे बरं करत नाही.
खोकला मारत नाही, सूज उतरवत नाही.
सोललेल्या जागेवर एक पातळ पदर घालतं,
म्हणजे पुढचा घोट थेट झोंबत नाही.
इतकंच.
पदराखाली भरून यायचं ते
ज्याचं त्यानं भरून यायचं.

तुझ्या स्वयंपाकघरात मी बरणी ठेवली.
तू कोट शोधलास, पेन्सिल शोधलीस,
बाजाराच्या यादीमागे लिहिलंस:
किती?

तुझं अक्षर अजून तसंच, डावीकडे कललेलं.
आणि तो शब्द.
शेताचे किती आले, तू कधी सांगितलं नाहीस,
मीही विचारलं नव्हतं.
किटली वाजेपर्यंत मी कागदाकडे बघत राहिले.
मग कळलं, चमच्यांचं विचारतोयस.

मी एक बोट वर केलं,
बोली लावणारे करतात तसं, जेमतेम,
शेजाऱ्यालाही दिसू नये इतकं.
तुझे डोळे बारीक झाले.
चमचा टेबलावर एकदाच ठोकलास,
ठक्,
आणि तोंड वाकडं करून प्यायलास.

घरी आले तरी बोटं चिकटत होती.
दोनदा साबण लावला. लवकर सुटत नाही ते.
बरणी कोलमनच्या हाती पाठव.
विसरलास तर मलाच यावं लागेल,
झाकण घट्ट बसणारी ती एकच आहे माझ्याकडे.